उकाईच्या पाण्यावर मरळीच्या मागे

पावसाळा लागला की सुरतेतल्या लहानथोरांच्या तोंडी एक आकडा येतो: ३४५ फूट. उकाई धरणाची ही पूर्ण पातळी. जुलै-ऑगस्टमध्ये वर्तमानपत्र उघडलं की सोन्याच्या भावाआधी लोक उकाईची लेव्हल बघतात. २००६ च्या ऑगस्टमध्ये धरणातून सोडलेलं पाणी शहरात शिरलं, त्याची आठवण अजून ताजी आहे. आपल्या पांडेसऱ्यात तर हे पाणी दोनदा भेटतं. एकदा घरच्या नळाला आणि दुसऱ्यांदा जीआयडीसीतल्या डाइंग मिलमध्ये, साडीच्या रंगात मिसळून. ज्या पाण्यावर आपली चूल पेटते ते साठतं कुठे, हे मात्र आपल्यापैकी किती जणांनी पाहिलंय? शाळेच्या सहलीत धरणाची भिंत लांबून पाहिली असेल, तेवढंच.

यंदा मे महिन्यात मी आणि माझा एक मित्र त्या पाण्यात उतरलो. कारण होतं मासेमारीचं.

मित्र माझ्यासारखाच बीई करून कॉम्प्युटरपुढे बसणारा. त्याचा चुलतभाऊ परदेशात असतो आणि तिथल्या मोठ्या तळ्यांत पाइक नावाचा मासा धरतो. लांबट अंग, चपटं तोंड, सुईसारखे दात. गवतात दबा धरून बसतो आणि भक्ष्य जवळ आलं की बाणासारखा सुटतो. त्याचे व्हिडिओ बघून बघून मित्राला गळाचा नाद लागला. पाइक काही आपल्या देशात मिळत नाही. तो थंड प्रदेशातला. पण तीच कामगिरी करणारा मासा आपल्याकडेही आहे, तो म्हणजे मरळ. दोघांचं नातं काही नाही, पण स्वभाव एक. तेच दबा धरणं, तोच झपाटा. पाइकला न जमणारी एक गोष्ट मरळीला जमते. ती पाण्याबाहेरची हवा घेते. कल्ल्यांवर तिचं भागत नाही, म्हणून थोड्या थोड्या वेळाने तिला वर यावंच लागतं. वर येताना ती एक बुडबुडा सोडते आणि तिथेच ओळखू येते.

पहाटे तीनला मोटरसायकल काढली. धुळे हायवे, बारडोली, व्यारा. सोनगड येईपर्यंत पूर्वेला उजाडायला लागलं होतं आणि डोंगरावरचा किल्ला दिसत होता. आपल्या मुलांना बडोद्याचे गायकवाड ठाऊक असतात, पण त्यांच्या सत्तेची सुरुवात या सोनगडातून झाली, पिलाजीराव गायकवाडांचं ठाणं इथे होतं, हे फारसं कुणी सांगत नाही. उकाईचं धरण इथून जवळच आहे. पण आम्हाला भिंतीपाशी जायचं नव्हतं, पाण्याच्या दुसऱ्या टोकाला जायचं होतं. म्हणून तसेच पुढे नवापूरला गेलो. तिथल्या स्टेशनचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातमध्ये. एका बाकड्याच्या मधोमध दोन राज्यांची हद्द रंगवली आहे. उधन्याहून ताप्ती लाइनच्या गाडीने खानदेशात जाणाऱ्यांना ते नवीन नाही. चहा घेतला आणि आतल्या रस्त्याला लागलो.

थोडं या जलाशयाबद्दल. तापी मध्य प्रदेशात मुलताईला उगम पावते आणि सव्वासातशे किलोमीटर वाहत आपल्या डुमसजवळ समुद्राला मिळते. उकाईचं धरण १९७२ मध्ये पूर्ण झालं. भिंतीची लांबी जवळजवळ पाच किलोमीटर. मागे साठणाऱ्या पाण्याला वल्लभसागर म्हणतात. पूर्ण भरल्यावर तो सहाशे चौरस किलोमीटरच्या आसपास पसरतो आणि त्याचं शेपूट नंदुरबार जिल्ह्यात पोहोचतं. पूर अडवणं, वीज, काकरापारच्या कालव्यांतून बारडोलीकडच्या उसाला पाणी आणि सुरतेची तहान, एवढी कामं तो करतो. त्यासाठी १७० च्या आसपास गावं पूर्ण किंवा थोडीफार पाण्याखाली गेली. त्यांतली काही महाराष्ट्रातली होती आणि त्यांतलं एक माझ्या मित्राच्या वडिलांचं.

हे मला आधीपासून माहीत होतं, पण कानाआडचं माहीत असणं ते. काका (मी त्यांना काकाच म्हणतो) त्यावर कधी बोलत नाहीत. पाणी आलं तेव्हा ते नऊ-दहा वर्षांचे होते. बदल्यात मिळालेल्या जमिनीवर सगळ्या भावांचं भागेना, म्हणून ते सुरतेला आले आणि पांडेसऱ्यातल्या एका डाइंग मिलमध्ये तीस वर्षं उभे राहिले. रोज सकाळी पेपरात लेव्हल बघतात, पण उकाईला मात्र एकदाही गेले नाहीत. मित्राने 'चला' म्हटलं की 'पाणीच तर शे तठे' एवढंच उत्तर.

काठावर ज्यांची होडी ठरवली होती ते गृहस्थ साठीचे, गावित. जलाशयाच्या काठाला विस्थापित आदिवासींच्या मच्छीमार सहकारी मंडळ्या आहेत आणि इथल्या माशावर पहिला हक्क त्यांचा. म्हणून हौशी माणसाने आधी त्यांना विचारावं, त्यांच्याच होडीतून जावं आणि दिवसाचे पैसे नीट द्यावेत. आम्ही त्यांनाही काकाच म्हणू लागलो. आमच्या चकचकीत रॉडकडे आणि रबरी बेडकाकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "केवढ्याचा?" मित्राने किंमत सांगितली. ते म्हणाले, "एवढ्यात माझं जाळं आलं असतं." हसले आणि होडी पाण्यात ढकलली.

मे महिन्यात पाणी पूर्ण पातळीच्या बरंच खाली असतं. काठावर चिखल, मग भेगाळलेला गाळ, मधूनमधून गाळपेराची हिरवी पट्टी. पाणी हटलेल्या जमिनीत लोकांनी टरबूज, काकडी लावलेली. पाण्यात जागोजागी झाडांचे काळे बुंधे उभे. पन्नास वर्षं पाण्यात राहूनही काही बुंधे असे टणक की होडी आपटली तर होडीलाच धोका. काका त्यांच्यामधून वल्हं न बघता मारत होते.

रबरी बेडकाने मरळ धरायची रीत अशी. गवताच्या पलीकडे बेडूक टाकायचा आणि रीळ फिरवत त्याला गवतावरून थांबत थांबत उड्या मारायला लावायच्या. खालून पाणी फुगतं, मग 'धप्प' असा आवाज होतो आणि बेडूक गायब. नवखा माणूस इथेच झटका देतो आणि बेडूक रिकामा परत येतो. मनात दोन-तीन आकडे मोजायचे, दोरी ताणली जाऊ द्यायची, मग रॉड उचलायचा. दोरी मात्र जाड हवी, कारण गळ लागला की मरळ सरळ गवतात किंवा बुंध्यात घुसते. बारीक दोरी तिथे टिकत नाही.

पहिल्या तासात काही नाही. मग मित्राला एक लागली. चार-पाच मिनिटं ओढाताण. होडीत आली तेव्हा सापासारखं डोकं, अंगावर काळे पट्टे, वजन दीड किलोच्या आसपास. काकांनी ती ओल्या गोणपाटात गुंडाळली आणि म्हणाले, "ही लवकर मरायची नाही. बाजारात जिवंतच विकली जाते."

थोडं पुढे गवताच्या कडेला पाण्यावर लालसर रंगाचा एक गोळा सरकताना दिसला, जणू कुणी कुंकू सांडलंय. मरळीची पिल्लं. शेकडो, बोटाच्या पेराएवढी. त्यांच्या खाली आई-बाप पहारा देत असतात आणि जवळ येईल त्याच्यावर तुटून पडतात. अशा जागी बेडूक टाकला की मासा हमखास लागतो. मित्राचा हात रॉडवर गेला होता. काकांनी वल्हं उलटं मारून होडी वळवली. "आई-बाप गेले तर संध्याकाळपर्यंत यांतलं एक उरायचं नाही. पुढच्या वर्षी आम्ही काय धरू?" मित्राने रॉड खाली ठेवला.

दहा वाजायच्या सुमारास मित्राने गावाचं नाव घेतलं. सहज विचारल्यासारखं, पण सकाळपासून तो त्यासाठीच थांबला होता हे मला कळत होतं. मला वाटलं, काका म्हणतील, असं गाव ऐकलं नाही. त्यांनी क्षणभरही विचार न करता हात वर केला. "ते? त्या तीन बुंध्यांच्या पलीकडे. तिथे जाळं अडकतं."

मग त्यांनी समजावून सांगितलं. जिथे शेत होतं तिथे तळ सपाट, जाळं मोकळं फिरतं. जिथे गाव होतं तिथे जोती, आड, झाडं, जाळं फाटतं. म्हणून कुठे कुठलं गाव आहे हे पक्कं लक्षात ठेवावं लागतं. त्यांच्या वडिलांनी त्यांना शिकवलं, त्यांनी मुलाला. एकमेकांना जागा सांगतात तीही गावांच्या नावानेच: अमक्याच्या पांढरीवर शिवडा चांगला लागतो, तमक्याच्या नाल्यात कटला. कागदावरून, एसटीच्या पाटीवरून, निवडणुकीच्या यादीतून जी नावं गेली, ती इथे रोजच्या बोलण्यात चालू आहेत. कारण भावनेचं नाही, जाळ्याचं आहे.

होडी तिथे नेली. पाण्याबाहेर थोडासा उंचवटा, त्यावर दगडांची एक ओळ आणि एक जाड, वाकलेला बुंधा. मित्राने काकांना, म्हणजे त्याच्या वडिलांना, फोन लावला. रेंज येत-जात होती. "पप्पा, तुमना गावना आठे शे मी," तो म्हणाला. पलीकडे बराच वेळ आवाज नाही. मला वाटलं फोन कटला. मग प्रश्न आला, "चिंच दिसस का?"

मित्राने बुंध्याकडे पाहिलं. ती चिंच आहे की आणखी काही, हे आम्हा दोघांनाही सांगता येईना. होडीवाल्या काकांनी एक नजर टाकली आणि मान हलवली: चिंचच.

"दिसस," मित्र म्हणाला.

त्यानंतर पलीकडून जे सुरू झालं ते वीस मिनिटं थांबलं नाही. चिंचेच्या उगवतीला मारुतीचा पार, त्याच्या मागे आड, आडापासून चौथं घर आपलं. कुणाची बैलगाडी कुठे सुटायची, शाळा कुठल्या ओसरीवर भरायची. मित्र मोबाइल स्पीकरवर ठेवून दगडांच्या ओळीकडे बघत राहिला. होडीवाले काका मध्येच म्हणाले, "बरोबर आहे, आड तिथेच आहे. माझं जाळं त्यातच गेलं होतं." दोन अनोळखी म्हातारी माणसं, एक पाण्यावर आणि एक पांडेसऱ्यात, एका आडाची जागा जुळवत होती.

त्या जागी आम्ही गळ टाकला नाही. दुपारी वारा सुटला की या पाण्यावर समुद्रासारख्या लाटा येतात, म्हणून अकराच्या आत काठाला लागलो. मरळ काकांना देऊ केली. त्यांनी ती आम्हालाच परत दिली. संध्याकाळी पांडेसऱ्यात भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचा काळा रस्सा आणि कळण्याची भाकरी झाली. मरळीला बारीक काटे नसतात, त्यामुळे म्हाताऱ्यांना आणि पोरांना बिनधास्त वाढता येते.

तुम्हालाही जायचं असेल तर मार्च ते मेचा मध्य हा काळ बरा. पावसाळ्यात मासे अंडी घालतात, तेव्हा जाऊ नये. लाइफ जॅकेट स्वतःचं न्या. प्लॅस्टिक आणि तुटलेली दोरी परत आणा. लहान मासा आणि पिल्लांवरचा मासा सोडून द्या.

आणि एक काम घरीच करण्यासारखं आहे. आपल्या मंडळात नंदुरबार, नवापूर, तळोद्याकडची बरीच कुटुंबं आहेत. त्यांपैकी कुणाच्या घरात बुडालेल्या गावचं माणूस असेल, तर त्यांना मोठा कागद द्या आणि गावाचा नकाशा काढायला सांगा. घरं, आड, पार, वाटा, नावांसकट. माझ्या मित्राच्या वडिलांनी तो काढायला घेतला आहे. दोन घरांची नावं आठवत नाहीत म्हणून नंदुरबारला बहिणीला फोन चालू आहेत. नकाशा पुरा झाला की एक प्रत होडीवाल्या काकांना नेऊन द्यायची आहे. त्यांनी मागितली आहे. जाळं वाचेल म्हणतात.