वर सायकल आहे

माणसाने मोटार घेतली म्हणजे त्याची सायकल सुटते, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. माझ्या बाबतीत उलटे झाले. मोटार घेऊन चार वर्षे लोटल्यावर सायकल माझ्या आयुष्यात परत आली, आणि आली ती थेट डोक्यावर येऊन बसली. डोक्यावर म्हणजे अक्षरशः मोटारीच्या टपावर.

माझी मोटार म्हणजे टाटांची इंडिगो मरिना. छत मागच्या दारापर्यंत सरळ ओढलेले, ज्याला स्टेशन वॅगन म्हणतात त्या जातीची. १९९२ साली टाटांनी इस्टेट नावाची अशीच गाडी काढली होती, आणि २००४ साली ही मरिना आणली. पण आपल्या मध्यमवर्गाला ही जात कधी फारशी मानवली नाही. मोटारीला मागे डिकीचे ऐटबाज शेपूट नसेल तर ती आपल्याला टेम्पोची मावसबहीण वाटते. मला मात्र ती जुनी आणि स्वस्तात मिळत होती. मराठीच्या प्राध्यापकाला एवढी दोन कारणे पुरतात.

आमचे घर बेलापूरचे. म्हणजे नगर जिल्ह्यातले, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले, प्रवरेकाठचे. नवी मुंबईच्या बेलापुराशी आमची गल्लत करणारे लोक रोज भेटतात. त्याहून मोठी गल्लत रेल्वेने करून ठेवली आहे. दौंड-मनमाड मार्गावर ‘बेलापूर’ अशी पाटी वाचून तुम्ही उतरलात, तर तुम्ही असता श्रीरामपुरात! खरे बेलापूर तिथून पाच-सहा किलोमीटरांवर. हे अंतर माझ्या वडिलांनी तेहतीस वर्षे सायकलीने तोडले. श्रीरामपूरच्या एका शाळेत ते गणित शिकवीत. रोजचे जाणे-येणे मिळून किती किलोमीटर झाले याचा हिशेब त्यांनी निवृत्तीच्या दिवशी करून आईला दाखवला होता. आई म्हणाली होती, “एवढ्यात काशी कितीदा झाली असती?” त्यांनी तोही भागाकार केला.

ही सायकल ॲटलासची. १९७४ साली, नोकरीच्या पहिल्या वर्षी घेतलेली. काळी, अठ्ठावीस इंची चाकांची, सळईच्या ब्रेकांची. दांडीवर टॉवेलाची घडी बांधून अण्णा मला तिच्यावर बसवीत, आणि उसाच्या गाड्यांमागून जाताना मी एखादे कांडे ओढून घेतले तर आपण पाहिलेच नाही असे दाखवीत. त्यांच्या प्रामाणिकपणाला पडलेला तेवढाच अपवाद.

गेल्या वर्षी आई गेली. त्यानंतर काही महिन्यांनी कालव्याच्या कडेने येताना अण्णांना घेरी आली आणि ते सायकलीसकट पडले. सुदैवाने हाड मोडले नाही. कानातला दोष आहे, त्याने तोल जातो, असे डॉक्टरांनी सांगितले आणि सायकल बंद केली. वय शहात्तर. घरात एकटे. बहीण आणि मी फोनवर बोललो आणि त्यांना पुण्याला न्यायचे ठरवले. ठरवताना त्यांना विचारले नाही, हे आता लिहिताना जाणवते.

अण्णांनी वाद घातला नाही. एवढेच म्हणाले, “सायकल येणार असेल तर मी येतो.”

मी म्हणालो, “अण्णा, तुम्हाला चालवायची नाही ना ती?”

“मी चालवीन असे कुठे म्हणालो? येणार असेल तर येतो, असे म्हणालो.”

गणिताच्या शिक्षकाशी शब्दांवरून भांडू नये. मी पुण्याला परतलो आणि सायकलींच्या एका मोठ्या दुकानात गेलो. तिथे मोटारीच्या टपावर सायकल बसवायचे कॅरियर मिळतात. माझ्या मोटारीच्या टपावर दोन्ही कडांना लांबीच्या दांड्या आहेत. त्यांवर दोन आडवे पाइप आवळायचे आणि पाइपांवर सायकलीसाठी पन्हळीसारखी एक पट्टी बसवायची. सायकलीचे पुढचे चाक काढायचे, मोकळा झालेला चिमटा पुढच्या शिकंज्यात अडकवायचा, मागचे चाक पन्हळीत ठेवून पट्ट्याने बांधायचे. माझ्या मुलाच्या सायकलीचे चाक एका खटक्यासरशी निघते. ती अर्ध्या मिनिटात वर चढली. मे महिन्याच्या सुटीत तीही बेलापूरला न्यायची होती.

“आता दुसरी सायकल,” मी म्हणालो, आणि ॲटलासचे वर्णन केले. दुकानातला तरुण मुलगा आदराने हसला. त्याचे कॅरियर पंधरा किलोंपर्यंतच्या सायकलीसाठी होते. शिवाय आमच्या सायकलीचे पुढचे चाक नटांनी आवळलेले. त्याच नटांत मडगार्डच्या सळया अडकलेल्या. चाक काढायचे म्हणजे अर्धी सायकल उघडायची.

खरे सांगायचे तर मला बरे वाटले. सायकल बसत नाही, हे दुकानदाराने सांगितले होते, मी नव्हे. ती पुण्यात आली की एखाद्या पहाटे अण्णा तिच्यावर बसणार आणि सिंहगड रस्त्यावरच्या गर्दीत त्यांना घेरी येणार, हे चित्र मला रात्री दिसत असे. त्यांना नाही म्हणायचे धैर्य माझ्यात नव्हते. ते काम कॅरियरने परस्पर केले तर हवेच होते.

बेलापूरला पोहोचल्यावर मी गंभीर चेहऱ्याने ही अडचण मांडली. अण्णांनी ऐकून घेतली, चष्मा लावला आणि मोटारीभोवती टेप घेऊन फिरू लागले. मग सायकल धान्याच्या दुकानातल्या काट्यावर चढली: बावीस किलो. नातवाची तेरा. पाइप आणि कॅरियर मिळून बारा. “सत्तेचाळीस,” अण्णा म्हणाले. बहुतेक लहान मोटारींच्या छताला पन्नास ते पंचाहत्तर किलोंपर्यंत वजन चालते आणि त्यात कॅरियरचेही धरायचे असते, हे मीच त्यांना मोठ्या ऐटीत सांगितले होते. माझाच आकडा माझ्यावर उलटला.

संध्याकाळी आम्ही वेल्डिंगवाल्या मिस्त्रींकडे गेलो. मिस्त्री एकेकाळी अण्णांचे विद्यार्थी. “सर, चाक काढायचेच कशाला?” ते म्हणाले. त्यांनी लोखंडी पन्हळ घेतली, दोन्ही चाके बसतील एवढी लांब कापली, आणि मधोमध एक उभा दांडा जोडला. तो दांडा सायकलीच्या तिरप्या नळीला रबर लावून पकडतो. चाके पट्ट्यांनी पन्हळीला बांधली जातात. एक सायकल डावीकडे, दुसरी उजवीकडे, तोंडे विरुद्ध दिशांना, म्हणजे हँडले एकमेकांत अडकत नाहीत. ही तोंडांची युक्ती माझ्या मुलाची. तीन पिढ्यांनी मिळून एखादे काम केल्याचा आमच्या घरातला हा पहिलाच प्रसंग, आणि त्यात माझा वाटा फक्त टेपचे दुसरे टोक धरण्याचा होता.

मजुरी घ्यायला मिस्त्री तयार होईनात. अण्णांनी पैसे त्यांच्या खिशात घातले आणि म्हणाले, “फी माफ झाली की विद्यार्थी अभ्यास करीत नाही.”

निघायच्या दिवशी अण्णांनी जमिनीपासून हँडलापर्यंत उंची मोजली: आठ फूट दहा इंच. एका कागदावर ठळक अक्षरांत लिहिले: ‘वर सायकल आहे. उंची ८ फूट १० इंच.’ आणि तो माझ्या डोळ्यांसमोर, काचेखाली चिकटवला. मग घराला कुलूप घातले. कुलूप दोनदा ओढून पाहिले. तिसऱ्यांदा हात नुसताच कुलपावर ठेवला, आणि मी पट्टे तपासण्याचे निमित्त करून दुसरीकडे पाहिले.

राहुरी मागे पडली. टपावर वारा शिरून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. दर वीस-पंचवीस किलोमीटरांवर थांबून पट्टे पाहायचे, असा अण्णांचा दंडक. नगर ओलांडले आणि ते एकाएकी बोलू लागले. “याच रस्त्यावर पहिली एस.टी. धावली. १ जून १९४८. पुणे आणि नगरच्या मध्ये.” मग म्हणाले, “ही सायकलसुद्धा या रस्त्याने दुसऱ्यांदा चालली आहे.” बी.एड.साठी ते १९७५ साली पुण्याला गेले, तेव्हा सायकल एस.टी.च्या टपावर टाकली होती. मागच्या शिडीने हमालाने वर चढवली, गाठोडी आणि कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी दोरीने बांधली. पुण्याला तेव्हा सायकलींचे शहर म्हणत. “सगळ्या वाटेत मी खिडकीतून सावली पाहत होतो. बसच्या सावलीवर सायकलीची सावली दिसली की जीव भांड्यात पडायचा.”

मी बाहेर पाहिले. रस्त्याच्या कडेच्या शेतावरून आमची सावली पळत होती, आणि तिच्यावर दोन सायकली होत्या. अण्णा कितीतरी वेळापासून तीच पाहत होते.

पुण्यात शिरताना गर्दी, भोंगे, फोन. आमच्या इमारतीच्या तळघरातल्या वाहनतळाकडे मी सवयीने मोटार वळवली. उतार सुरू झाला, आणि मागून गणिताच्या तासाचा आवाज आला: “वर सायकल आहे!” मी ब्रेक दाबला. समोरच्या तुळईवर लिहिले होते: उंची ७ फूट. हँडल तुळईपासून हातभर दूर थांबले होते. कागद माझ्या डोळ्यांसमोर होता, आणि मला तो दिसला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला दाराची कडी वाजली. मी उठून खिडकीशी गेलो. जे होणार असे मला वाटत होते तेच होत होते. अण्णा सायकल घेऊन फाटकाबाहेर पडत होते. मी चपला न घालताच जिना उतरलो. रस्त्यावर पोहोचलो तेव्हा ते पन्नास पावलांवर होते, आणि सायकलीवर नव्हते. दोन्ही हातांनी हँडल धरून ते तिच्या बाजूने सावकाश चालत होते. कोपऱ्यावर त्यांचा तोल किंचित गेला. त्यांनी ब्रेक दाबला, सायकलीवर भार टाकला, क्षणभर थांबले आणि पुन्हा निघाले.

दूध घेऊन ते परतले तेव्हा मी फाटकाशीच होतो. माझे अनवाणी पाय पाहून त्यांना सगळे कळले असावे. “डॉक्टरांनी काठी घ्या म्हणून सांगितले होते,” ते म्हणाले. “तुला सांगितले नाही. काठी हातात असली की लोक बाजूला होऊन वाट देतात. सायकल हातात असली की विचारतात, सर, कुठे निघालात?”

मी त्यांच्या हातातली दुधाची पिशवी घेतली. सायकल त्यांनी दिली नाही.

ॲटलासचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी बंद पडला. तो जागतिक सायकल दिन होता. आमची ॲटलास मात्र रोज पहाटे दूध आणि संध्याकाळी भाजी आणते. रस्त्यातली निम्मी माणसे आता अण्णांना ओळखतात. मला इतक्या वर्षांत चार ओळखत होती. कॅरियर मी उतरवून ठेवणार होतो. तेल जास्त जळते. पण दिवाळीला बेलापूरच्या घराचे कुलूप उघडायचे आहे, आणि अण्णा येणार म्हणजे सायकल येणार. ती चिठ्ठीही काचेखाली तशीच आहे. आता मला ती दिसते.