आधी सूर्यकांती, मग बंदूक

'प्लँट्स व्हर्सेस झॉम्बीज' हे नाव घरात बारा-चौदा वर्षांचं मूल असलेल्यांनी ऐकलेलं असतं. पॉपकॅप या अमेरिकन कंपनीने मे २००९ मध्ये हा कॉम्प्युटरवरचा खेळ बाजारात आणला. जॉर्ज फॅन हा त्याचा रचनाकार. खेळ दिसायला सोपा. घरापुढे हिरवळ, तिच्यावर पाच आडव्या ओळी आणि प्रत्येक ओळीत नऊ चौकोन. उजवीकडून झॉम्बी, म्हणजे चालती प्रेतं, डुलत डुलत घराकडे येतात. आपण चौकोनांत झाडं लावायची आणि त्या झाडांनी प्रेतांना अडवायचं. एक जरी आत शिरला तरी डाव संपला.

मी अर्थशास्त्र शिकवतो, त्यामुळे माझं लक्ष पहिल्यांदा गेलं ते या खेळातल्या पैशाकडे. इथला पैसा म्हणजे ऊन. डाव सुरू होताना हाती ५० ऊन असतं. वाटाण्याच्या गोळ्या झाडणारा 'पीशूटर' १०० ला, तर सूर्यफूल ५० ला. सूर्यफूल कुणाला मारत नाही, कुणाला अडवत नाही. ते साधारण दर २४ सेकंदांनी २५ ऊन देतं, एवढंच. म्हणजे एका मिनिटाच्या आत त्याची किंमत वसूल होते आणि पुढचं सगळं उत्पन्न निव्वळ नफा. आधी सूर्यफुलाची किंमतही १०० च होती. लोक साहजिकच आधी बंदूक घेत आणि मागाहून उन्हाला मोताद होत. म्हणून फॅन यांनी ती किंमत ५० वर आणली. आता सुरुवातीला हातात असलेल्या उन्हात सूर्यफूलच येतं. एखाद्या सरकारने अनुदान देऊन लोकांना बचतीची सवय लावावी, तसाच हा प्रकार!

तर पहिला नियम हा. सुरुवातीची शांतता वाया घालवू नका. पहिला झॉम्बी एकटाच येतो आणि तोही सावकाश. डावीकडच्या पहिल्या दोन रांगा, म्हणजे दहा चौकोन, सूर्यफुलांनी भरायचे. मधल्या वेळात आलेल्या एकट्यादुकट्यासाठी १०० ची बंदूक कशाला? २५ ला 'बटाटा-सुरुंग' मिळतो. मात्र तो जमिनीखाली तयार व्हायला पंधराएक सेकंद घेतो. शत्रू दारात आल्यावर पुरून उपयोग नाही, तो लांब असतानाच पुरावा.

दुसरा नियम ओळींचा. या खेळातला शत्रू आपली ओळ सोडत नाही. (लसूण लावला तरच तो नाक मुरडून शेजारच्या ओळीत जातो.) तिसऱ्या ओळीत तुमच्या पाच बंदुका असल्या, तरी पाचव्या ओळीतल्या झॉम्बीला त्यांचं काही सोयरसुतक नाही. प्रत्येक ओळीच्या टोकाला गवत कापायचं एक यंत्र उभं असतं. झॉम्बी तिथवर पोचला की ते सुटतं आणि ओळ साफ करतं, पण एका डावात एकदाच. म्हणून आधी प्रत्येक ओळीत एक-एक बंदूक आणि नंतरच कुठल्याही ओळीत दुसरी.

खरी अडचण इथेच येते. माणसाचं लक्ष गडबड असते तिथे जातं. दुसऱ्या ओळीत डोक्यावर बादली घातलेला झॉम्बी आला की आपण तिथेच चिकटतो. साधा झॉम्बी दहा गोळ्यांत पडतो, बादलीवाल्याला पासष्ट लागतात. आपण त्या गोळ्या मोजत बसतो आणि चौथ्या ओळीतून एखादा साधासुधा निवांतपणे घरात येतो.

यावरचा उपाय आमच्याकडे अज्जींनी काढला.

अज्जी म्हणजे माझ्या सासूबाई. बैलहोंगलकडच्या. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्या आमच्याकडे राहायला आल्या. त्यांची भाषा कन्नड, मराठी समजतं पण बोलायला जीभ वळत नाही. आमच्या चिरंजीवांची शाळा इंग्रजी माध्यमाची, घरात मराठी. कन्नड त्याला समजतं, पण उत्तर मराठीत किंवा इंग्रजीत. सीमाभागातल्या किती घरांत हे चालतं, ते वाचकांना मी काय सांगावं! आजी-नातवाचं बोलणं 'जेवलास का', 'हो' यापुढे सरकत नव्हतं. माझी पत्नी मधे बसून दोघांचा दुभाषा व्हायची आणि तिचं मन खट्टू व्हायचं.

एके दिवशी खुर्ची ओढून अज्जी त्याच्या शेजारी बसल्या. पडदा पाहून म्हणाल्या, हे तर शेतच आहे की. लहानपणी ज्वारी हुरड्यात आली की त्या माळ्यावर बसून गोफणीने पाखरं हाकलायच्या. त्यांचं म्हणणं असं की, पाखरू आपण ओरडतो त्या बाजूला बसतच नाही, ते नेमकं दुसऱ्या टोकाला उतरतं. म्हणून राखणदाराने गोफण एकीकडे फिरवावी आणि नजर दुसरीकडे ठेवावी.

तेव्हापासून त्या आमच्या घरच्या राखणदार झाल्या. मुलाच्या हातात माऊस आणि अज्जींची नजर पाचही ओळींवर. "नाल्कने सालु नोडो!" म्हणजे चौथी ओळ बघ रे! आता घाईच्या वेळी मधे दुभाषा चालत नाही. पहिली ओळ की चौथी, हे जागच्या जागी समजलं नाही तर डाव जातो. आठवड्याभरात पोराला कन्नडमधले आकडे, डावं-उजवं, पुढे-मागे, थांब आणि पळ हे सगळं तोंडपाठ झालं. सूर्यफुलाची झाली सूर्यकांती, वाटाण्याची बटाणी आणि झॉम्बीचं देव्व, म्हणजे भूत. पुढे तोच ओरडू लागला, "अज्जी, देव्व बंतु!" नवा डाव उघडला की अज्जींचं पहिलं वाक्य ठरलेलं, "मोदल सूर्यकांती हच्चो!" आधी सूर्यफूल लाव.

आता या जोडीने शिकलेल्या आणखी काही गोष्टी सांगतो. झाडं निवडायच्या पडद्यावर या डावात कोणकोण येणार, ते रस्त्यावर उभे असलेले दिसतात. ते आधी पाहा, मग झाडं निवडा. काठी घेऊन उडी मारणारा पहिलं झाड ओलांडतो, पण त्याची उडी एकदाच. तेव्हा पुढे एखादं स्वस्त झाड ठेवून ती उडी वाया घालवावी, किंवा १२५ चा उंच अक्रोड लावावा, त्यावरून त्याला जाता येत नाही. साधा अक्रोड ५० चा. तो मारत नाही, पण त्याला कुरतडण्यात शत्रूचा जो वेळ जातो, तेवढा वेळ आपल्या बंदुकांना मिळतो. बर्फाचा वाटाणा शत्रूची चाल मंद करतो, पण एकाच ओळीत दोन लावले म्हणून चाल दुप्पट मंद होत नाही. ओळीला एक पुरे. त्याच्यापुढे जळता ओंडका मात्र लावू नये, त्यातून गेला की बर्फ वितळून नुसता वाटाणा उरतो. १५० चा चेरीबॉम्ब आजूबाजूच्या नऊ चौकोनांत स्फोट करतो. तो पहिल्या भीतीला उडवू नये, शेवटच्या मोठ्या लाटेसाठी राखावा. रात्रीच्या डावात आकाशातून ऊन पडत नाही, तिथे फुकट मिळणाऱ्या छोट्या अळंब्यांवर सुरुवात निभवावी. आणि छपरावरच्या डावात सरळ गोळी उतारावर आपटते, म्हणून कोबी वरून फेकणारं झाड घ्यावं.

जॉर्ज फॅन यांनी २०१२ साली सॅन फ्रान्सिस्कोत खेळ तयार करणाऱ्यांच्या परिषदेत एक भाषण दिलं. विषय होता, माझ्या आईने हा खेळ शेवटपर्यंत खेळावा म्हणून मी काय काय केलं. पहिल्या डावात एकच ओळ, मग तीन, मग पाच. शिकवणी वाटू नये अशा बेताने शिकवत जायचं. अज्जींना इंग्रजीचं एक अक्षर येत नसतानाही तो खेळ कळला, याचं श्रेय त्या आईलाही द्यायला हवं.

'मुलांना खेळाचं व्यसन लागेल', असं काही वाचक म्हणतील. भीती खोटी नाही. आमच्याकडे रोज अर्धा तास ठरलेला आहे आणि अट एकच, शेजारी अज्जी हव्यात. त्या उठल्या की खेळ बंद. अजून तरी ही अट मोडलेली नाही.

मुलगा आता सातवीत आहे. दोन-तीन वर्षांत दहावी येईल, पाठोपाठ बारावी, सीईटी. त्या लाटा सुरू झाल्या की शेजारी बसायला त्याला वेळ नसेल, आणि अज्जींचंही वय थांबणार नाही. आमच्या घरातली पहिली शांत मिनिटं ही आत्ताचीच आहेत. परवा खेळ बंद करून दोघं नुसतेच बोलत बसले होते. तो गोफण कशी विणतात ते विचारत होता, कन्नडमध्ये, अडखळत. अज्जी सांगत होत्या. माझी पत्नी स्वयंपाकघरातून ऐकत होती, पण या वेळी मधे बोलली नाही.