शिवेवरची पाखरं

धारवाडहून हळ्याळच्या वाटेला लागलं की माती तांबडी होत जाते, भाताची खाचरं दिसतात आणि पुढे सागाचं रान दोन्ही बाजूंनी जवळ येतं. हुबळी ओलांडून नवलगुंदकडे वळलं, तर काळी रेगड, जोंधळा, हरभरा, कापूस आणि डोळा अडेल असं काहीच नाही. कानडीत पश्चिमेच्या मुलखाला मलेनाडू म्हणतात, पूर्वेच्या मुलखाला बयलुसीमे. घाट चढून आलेला पाऊस इथवर येता येता ओसरतो, आणि नेमक्या त्या शिवेवर आमची ही दोन गावं वसली आहेत. इथल्या पाखरांची श्रीमंती या शिवेमुळेच आहे.

जगात पाखरांच्या सुमारे अकरा हजार जाती आहेत. त्यांतल्या तेराशेहून अधिक भारतात दिसतात. सगळ्यांत जास्त जाती कोलंबियात आहेत. तिथे अँडीज पर्वताच्या तीन रांगा होतात आणि प्रत्येक उतारावर पाऊस वेगळा, झाडं वेगळी, म्हणून पाखरंही वेगळी. आमच्याकडे अँडीज नाही, पण भूमी बदलली की पाखरू बदलतं हा नियम इथेही तोच आहे, आणि तो पाहायला एका दिवसाची फेरी पुरते.

हळ्याळच्या पुढे, दांडेलीच्या रानातला धनेश दिसायच्या आधी त्याच्या पंखांचा आवाज ऐकू येतो. त्याची मादी विणीच्या दिवसांत जुन्या झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते. एक फट तेवढी उघडी राहते आणि नर तिथून तिला फळं भरवतो. रान नुसतं हिरवं असून तिला भागत नाही, म्हाताऱ्या झाडांची सोबत लागते.

गावातली पाखरं यांच्याहून निराळी, माणसाला सरावलेली. जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजी शिकवत, आणि त्यांच्या तीन कथासंग्रहांच्या नावांत पाखरं आहेत: ‘पारवा’, ‘हिरवे रावे’, ‘पिंगळावेळ’. तिन्ही पाखरं आजही इथे घरांच्या वळचणींत आणि आवारांतल्या जुन्या झाडांवर भेटतात. हे मला फार आपलंसं वाटतं.

हिवाळ्यात मात्र खरं वैभव पूर्वेकडे असतं. भोरड्यांचे थवे मध्य आशियातून जोंधळ्यावर उतरतात. उघड्या रानावर भोवत्या ससाणे जमिनीला लगटून टोळ, उंदीर शोधत फिरतात. शिरहट्टी तालुक्यातल्या मागडीच्या तळ्यावर पट्टकादंब हंस येतात. पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे, ही त्यांची ओळख. मंगोलिया, तिबेट, लडाखकडच्या उंच सरोवरांवर त्यांची वीण होते, आणि हिमालय ओलांडताना ते सात हजार मीटरच्या वर उडाल्याची नोंद आहे. विरळ हवेतला प्राणवायू घट्ट धरून ठेवणारं रक्त त्यांना लाभलं आहे. एवढा प्रवास करून ते उतरतात ते माणसांनी पावसाचं पाणी साठवायला बांधलेल्या तळ्यात, आणि चरतात आमच्या शेतकऱ्यांच्या शिवारात. २०२४ च्या जानेवारीअखेर मागडी महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं, याचा मला मनापासून अभिमान आहे.

पण याच मुलखात एक जागा रिकामी झाली आहे. कॅप्टन बटलर या इंग्रज अधिकाऱ्याने १८८१ साली दक्खन आणि दक्षिण मराठा मुलखातल्या पाखरांची यादी ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात छापली. त्या काळी माळढोक या माळांचाच रहिवासी होता. आज देशभरात दीडशेच्या आतबाहेर माळढोक उरले आहेत, बहुतेक सगळे राजस्थानात. सोलापूरजवळच्या नान्नजला १९७९ मध्ये अभयारण्य झालं, तरी तिथेही त्याचं दर्शन दुर्मीळ झालं. माळढोकाची मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालते. धनेशाला म्हातारं झाड हवं, हिला झाडच नको.

आणि आपण काय केलं? माळ दिसला की झाडं लावली. हावेरी जिल्ह्यातल्या राणीबेन्नूरला, जिथे काळवीट आणि माळढोक असत, तिथे निलगिरीची लागवड झाली. हावेरी आणि गदग १९९७ पर्यंत धारवाड जिल्ह्यातच होते, तेव्हा ही हानी आमच्या घरातलीच. लावणाऱ्यांचा हेतू चांगला असेल, पण गवताळ माळ हेही एक पुरं नांदतं घर आहे, हे कुणाच्या मनातच आलं नाही. चंडोल, माळटिटवी, धाविक, पखुर्डी ही सगळी त्याच घरातली माणसं. विहिरी, नांगर, कारखाने, विजेच्या तारा यांनी माळ चहूबाजूंनी आवळला, ते निराळंच.

आपल्याकडे मुलांना पक्षी दाखवायचे म्हटलं की गाडी दांडेलीला जाते. जावीच. पण यंदा पौषात एक रविवार नवलगुंदच्या वाटेलाही द्या. सूर्य वर यायच्या आत पोहोचा, गाडी लांब उभी करा, आणि बांधाबांधाने चालताना खाली बघा, कारण तिथली बहुतेक पाखरं पायांपाशीच असतात, मातीच्या रंगाची.