रेवतीचा उंबरठा : ‘संशयकल्लोळ’विषयी

नारायण राजहंस या मुलाला गाण्याचे आरंभीचे धडे जळगावात मेहबूबखाँ यांच्याकडे मिळाले. बालगंधर्वांच्या नावाने तेथे आजही संगीत महोत्सव भरतो. त्यामुळे खानदेशात ‘संगीत संशयकल्लोळ’ची आठवण निघते ती प्रथम गाण्यांची, आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु या नाटकाच्या दीर्घायुष्याचे सगळे श्रेय गाण्यांना देऊन मोकळे होता येत नाही. गोविंद बल्लाळ देवलांनी ते १८९३ मध्ये गद्यातच लिहिले होते. ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ हे त्याचे तेव्हाचे नाव. संगीत रूपात ते १९१६ मध्ये गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. मोलिएरचा ‘स्गानारेल’ (१६६०), त्यावरून आर्थर मर्फीचे ‘ऑल इन द राँग’ (१७६१) आणि त्यावरून देवल, असा या कथानकाचा प्रवास. तरीही फाल्गुनराव परका वाटत नाही. पुरुषांना महिन्यांची आणि स्त्रियांना नक्षत्रांची नावे देऊन देवलांनी जणू घरातले पंचांगच रंगमंचावर मांडले.

संशयाला येथे केवळ एका तसबिरीचा आधार पुरतो. भोवळ आलेल्या रेवतीला फाल्गुनराव सावरतो, ते कृत्तिका पाहते. अश्विनशेठची तसबीर भलत्या हाती जाते, आणि मग प्रत्येकाला आपल्या भयाला सोयीचा पुरावा मिळत जातो. प्रेक्षकाला सारे आधीपासून ठाऊक असते. रहस्य नाहीच, म्हणूनच पुन्हापुन्हा पाहूनही नाटक शिळे होत नाही.

मात्र सर्वांचे संशय सारख्या वजनाचे नाहीत. फाल्गुनराव-कृत्तिकेचा कलह कितीही पेटला तरी त्यांचे लग्न मोडत नाही. तेथे हसणे निर्धोक आहे. रेवती नायकिणीची मुलगी. अश्विनशेठ तिच्याविषयी साशंक होतो तेव्हा तिच्या जन्माकडे बोट दाखवायला सारा समाज त्याच्या पाठीशी उभाच असतो. ‘मृच्छकटिक’ मराठीत आणणाऱ्या देवलांना वसंतसेनेनंतर ही रेवती सुचावी, हा निव्वळ योगायोग मानणे कठीण आहे. गणपतराव बोडसांच्या फाल्गुनरावाची कीर्ती मोठी आणि रास्त. पण फाल्गुनरावाच्या लकबींवरच हशा वसूल करणारा प्रयोग नाटकाचा निम्मा जीव गमावतो.

धुळे-जळगावकडच्या यात्रांतून तमाशाच्या कनातीत बसलेल्या प्रेक्षकाला रेवतीचा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. जिच्या गाण्याला दौलतजादा करायची, तिला घराचा उंबरठा ओलांडू द्यायचा की नाही, हा प्रश्न त्याच्या परिचयाचा आहे. संगीत नाटकाचा शिष्ट प्रेक्षक हाच प्रश्न अधिक आडवळणाने अनुभवत होता. त्याच्यासमोर रेवती होऊन बालगंधर्व उभे होते, आणि त्यांचे नेसणे, त्यांचे दागिने कुलीन घरांतल्या स्त्रिया उचलीत होत्या. नायकिणीच्या मुलीचे रूप घेतलेल्या पुरुषाकडून कुलीनतेची रीत शिकली जावी, ही विसंगती खुद्द देवलांच्या प्रहसनाला शोभली असती!

अखेरीस घोटाळा उलगडतो, रेवती-अश्विनशेठ एकत्र येतात आणि पडदा पडतो. रेवती सासरी कशी नांदली, ते देवल सांगत नाहीत. संसार म्हणून तिने नाटकभर जवळून पाहिलेला असतो तो एकच, फाल्गुनरावाचा.