लोकर घेताना

आमच्या दुधनीत थंडी ती केवढी? डिसेंबर-जानेवारीतल्या पहाटा सोडल्या तर मफलर लागतो कुणाला! पण आईच्या सुया बारा महिने चालू, आणि लोकर पुण्याहून न्यायचं काम माझ्याकडे.

दुकानात सरसकट 'लोकर' म्हणून मिळतं ते बरेचदा अ‍ॅक्रिलिक असतं. तुकडा जाळून बघा. खऱ्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि राख चुरगळते. अ‍ॅक्रिलिक वितळून त्याचा कडक मणी होतो. सूत कागदासारखं जळतं. आपल्याकडच्या हवेत मफलरला सूतच बरं. मोज्यांना मात्र नको, ताणलं की सैल पडतं, घोट्यावरून घसरतं. तिथे थोडं नायलॉन मिसळलेली लोकर घ्यावी. आणि गुंडी मानेला घासून बघायची, टोचली तर ठेवून द्यायची.

आता रंग. मला आवडतो काळा, नाहीतर गडद निळा. पण गडद धाग्यात टाके दिसत नाहीत, आणि आईला मोतीबिंदू आहे. ऑपरेशनला ती अजून तयार नाही. म्हणून सध्या फिका पिवळा, आकाशी असंच नेतो. ऑफिसच्या एसीत पिवळा मफलर घालून बसतो, लोक हसतात. हसोत बापडे! तिला टाके मोजता येतायत ना, मग झालं.