बैठकीच्या आधी

दापोडीत माझ्याकडे समुपदेशनासाठी येणारी बाई पहिल्या भेटीत नवऱ्याचं नाव क्वचितच काढते. डोकं दुखतं, झोप लागत नाही, अंगात जीव राहिला नाही, असं सांगते. मी ते डोकेदुखी म्हणूनच ऐकते. कधी वाढते, घरात कोण असताना वाढते, एवढंच विचारते. परत गेल्यावर सासूने "कशाला गेली होतीस?" म्हटलं, तर हेच दुखणं तिला पुढे करता येतं. ती ढाल मी काढून घेत नाही.

आर्थर क्लाइनमन या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी १९८० साली चीनमधल्या चांगशात अशाच तक्रारी घेऊन आलेले १०० रुग्ण तपासले. न्यूरॅस्थेनिया, म्हणजे नसांचा अशक्तपणा, असं निदान झालेल्या त्या माणसांपैकी ८७ जणांना गंभीर नैराश्य होतं. त्यांचं दुखणं खरं होतं, आणि त्यामागे घरचे, कामावरचे, राजकारणाचे घावही होते.

"तुला स्वतःला काय हवंय?" हा प्रशिक्षणातला प्रश्न मी उशिरा विचारते. लातूर-नांदेडकडून लग्न होऊन आलेली, एका खोलीत सासू-दिरांसोबत राहणारी बाई त्यावर गप्प बसते. "मार बसला की पहिला फोन कुणाला लावतेस?" म्हटलं की मात्र लगेच उत्तर येतं. मामा. मावशी. कधी शेजारच्या गल्लीतली गावाकडची वहिनी. पुढचं सगळं काम त्या माणसाला धरून होतं; पण त्याला बोलवायचं की नाही, हे तीच ठरवते.

नात्यागोत्याचा मान ठेवायचा म्हणून मारहाणीवर पांघरूण घालायचं, हे मला मुळीच मान्य नाही. "दोघांचंही थोडं चुकलं" म्हणत बाईला परत धाडणाऱ्या बैठका मी पुष्कळ पाहिल्या आहेत. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्याखाली २००६ साली नियम आले. त्यातला १४ वा नियम सांगतो, की समुपदेशनात हिंसेचं समर्थन ऐकून घ्यायचं नाही. तो न्यायालयाने लावलेल्या समुपदेशनासाठी आहे. पण मी मामा-काकांसमोरही तो वाचते. शिवाय त्याच कायद्याचं कलम १७ सांगतं: खोली भाड्याची आणि करार नवऱ्याच्या नावावर असला तरी तिथे राहायचा हक्क तिला आहे. हे ऐकून बहुतेक मामा सावरून बसतात.

भेटीची वेळ मी नवऱ्याची शिफ्ट आणि दिवसाआड येणारं पाणी बघून देते. नवऱ्याला वेगळ्या दिवशी बोलावते. दोघं समोरासमोर बसायचे ते ती म्हणेल तेव्हाच.