सर्वपित्रीची गाय

मुलुंडला आमच्या देवळाबाहेर एक मावशी गाय घेऊन बसायच्या. ती गाय त्यांची नव्हे, हे मला कित्येक वर्षं ठाऊकच नव्हतं. गाय तबेल्यातली. पहाटे धार काढून झाली की तबेलेवाला ती दिवसभरासाठी भाड्याने द्यायचा. मावशी चारा विकत आणून पेंढ्या बांधायच्या, भाविक पेंढी विकत घेऊन त्याच गाईपुढे टाकायचे. भाडं आणि चाऱ्याचे पैसे वजा जाऊन उरेल ती मावशींची कमाई. तबेलेवाल्याची गाय फुकटात जेवायची, वर भाडंही मिळायचं. यातलं काही मी कधी विचारलं नाही. मला पुण्य हवं होतं आणि तेही पेंढीचे पैसे न देता.

कारण मी घरचं न्यायची. 2015च्या सर्वपित्री अमावस्येला पुऱ्या, वडे, खीर, भात असा गच्च भरलेला डबा घेऊन गेले. मावशी म्हणाल्या, “ताई, आज लई झालंय तिला. राहू द्या.” मी म्हटलं, “पितरांचं आहे, नाही म्हणू नये.” त्या गप्प बसल्या. माझ्याआधी निम्मी गल्ली येऊन गेली होती, उरलेली निम्मी माझ्यानंतर येणार होती. रोजच्या गिऱ्हाइकाला त्या तरी किती वेळा नाही म्हणणार?

दुसऱ्या दिवशी दुपारी गाय फुटपाथवर बसलेली दिसली. मान टाकलेली, तोंडातून लाळ, रवंथ बंद. वर ऑक्टोबरचं ऊन, गळ्यात आखूड दोर. माझा संताप झाला. त्याच वर्षी जूनमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने व्हिक्टोरिया घोडागाड्या बेकायदा ठरवून वर्षभरात बंद करायला सांगितल्या होत्या आणि त्या निकालाने मी अगदी भारावून गेले होते. मालक-चालकांच्या पुनर्वसनाचंही न्यायालयाने सरकारला बजावलं होतं. बातमीतला तो भाग मी वाचला नव्हता. मावशींना एका शब्दाने न विचारता फोटो काढला आणि तक्रार केली. महापालिकेची गाडी आली, गाय मालाडच्या कोंडवाड्यात गेली. आपण एका मुक्या जिवाची सुटका केली, असं मी घरी दोन-तीनदा तरी सांगितलं असेल.

देवळाबाहेरच्या फुलवालीने पुढची हकिकत सांगितली. तबेलेवाल्याने दंड भरून गाय सोडवली, तो पैसा मावशींच्या नावावर मांडला आणि गाय दुसऱ्या बाईला दिली. मी त्यांचं घर शोधत गेले. माफी मागायची असं ठरवूनही बोलताना सारखं उन्हाचंच निमित्त पुढे करत होते. शेवटी त्याच म्हणाल्या, “ऊन नव्हतं ओ ताई ते. तुमच्या अमावस्येनं बसली होती ती.” सकाळीच गाय सुस्त वाटली होती, हेही त्यांनी लपवलं नाही. पण भाडं चुकत नाही म्हणून आणली.

मला ते पटलं नाही. माणसाला पचतं ते एवढ्या मोठ्या जनावराला न पचायला काय झालं? म्हणून परळला बैलघोडा हॉस्पिटलात जाऊन विचारलं. कागदोपत्री नाव बाई साकरबाई दिनशा पेटिट हॉस्पिटल, पण मुंबईच्या तोंडी बसलं ते बैलघोडाच. ट्रामसुद्धा घोडे ओढत त्या काळातलं ते. तिथल्या एका डॉक्टरांनी समजावलं. गाईचं कोटीपोट चाऱ्यासाठी असतं. त्यातले जिवाणू गवत सावकाश आंबवतात. एकदम पुऱ्या, भात, गोडधोड पडलं की भलतेच जिवाणू माजतात आणि लॅक्टिक आम्ल साचतं. मग रवंथ थांबतं, अंगातलं पाणी पोटाकडे ओढलं जातं, गाय बसते. वेळेत खाण्याचा सोडा, सलाईन मिळालं नाही तर मरतेही. पितृपक्षात आणि संक्रांतीला अशी जनावरं येतातच, म्हणाले.

म्हणजे मी ज्याचा फोटो काढला तो माझाच डबा होता.

गाय वाचली. मावशी आता दोन घरी भांडी घासतात. दंडाची रक्कम मी देऊ केली. त्यांनी ती घेतली, मोजली आणि मधल्या दिवसांच्या बुडालेल्या कमाईचं काय, असं विचारलं. प्रश्न रास्त होता. त्यांनी सांगितला तो आकडा मी हप्त्याने फेडला.

देवळाबाहेर आता वेगळी बाई, वेगळी गाय. रस्त्यावर गाय बांधू नये हे मला आजही पटतं. पण पर्याय न देता ती हटवली तर काय होतं, ते मी पाहिलंय. पुढच्या पितृपक्षाआधी सोसायटीच्या फलकासाठी मी सूचना लिहिली: गाईला पुऱ्या, भात, खीर घालू नका, पेंढी विकत घ्या, प्लास्टिकची पिशवी तिथे टाकू नका. सेक्रेटरींनी मधलं वाक्य खोडलं. अनधिकृत धंद्याला सोसायटीने उत्तेजन देऊ नये, म्हणाले. वर्षापूर्वी मीही हेच म्हटलं असतं. मी ते वाक्य पेनाने पुन्हा लिहिलं. दुसऱ्या दिवशी फलकावर नवीन, छापील कागद होता, त्या वाक्याशिवाय.